दुसऱ्याची बाजू मांडण्याची विद्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या समारंभात चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली. गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी परिश्रम, शिस्त आणि मातापित्यांचे ऋण यांवर बोलण्याची प्रथा आहे. ती प्रथा उत्तमच आहे. परंतु तो उपदेश आमचे विद्यार्थिमित्र घरी नित्य ऐकत असतील. म्हणून राज्यशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य वेचलेल्या आमच्यासारख्याने आपणांस थोडे दूर, आफ्रिका खंडाच्या राजकारणाकडे न्यावे आणि तेथून आपल्या मंडळाच्या उपयोगी पडेल असे काही घेऊन यावे, असा विचार आम्ही केला आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभिरूप न्यायालय परिचित असते. खटला कल्पित, न्यायाधीश म्हणजे प्राध्यापक, परंतु युक्तिवाद मात्र खऱ्या कायद्याचा. हीच पद्धत पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील विद्यापीठांनी परराष्ट्रकारणाच्या शिक्षणाला लावली. विद्यार्थी राष्ट्रसंघाच्या अभिरूप सभा भरवू लागले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभा जगभर रूढ झाल्या आणि आज आपल्याकडील शाळामहाविद्यालयांतही त्या होतात. याच कुळातील, परंतु आपल्याकडे फारशी ठाऊक नसलेली सभा म्हणजे अभिरूप आफ्रिकी संघ. हॉवर्ड हे १८६७ साली स्थापन झालेले, कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी विख्यात असलेले वॉशिंग्टनमधील विद्यापीठ. त्याच्या सहकार्याने ही सभा तेथे अनेक वर्षे भरत आली आहे. आफ्रिकी ऐक्य संघटना अस्तित्वात होती, तेव्हा सभेचे नावही तेच होते. मूळ संस्था पालटली तसे अभिरूपही पालटले.

मूळ संस्थेचा परिचय करून दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. २५ मे १९६३ रोजी इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे ३२ स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांनी ऐक्य संघटनेची सनद मान्य केली. परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे हे तिचे एक मूलतत्त्व होते. नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी ते आवश्यक वाटले, यात नवल नाही. परंतु याच तत्त्वाच्या आड बसून अनेक राज्यकर्त्यांनी आपल्याच प्रजेचा छळ केला आणि शेजारी मौन धरून राहिले. १९९४ साली रवांडात सुमारे १०० दिवसांत लक्षावधी माणसांची कत्तल झाली. त्यानंतर ते मौन असह्य झाले. २००० साली लोमे येथे नव्या संघाचा घटनात्मक कायदा संमत झाला आणि २००२ साली दरबान येथे आफ्रिकी संघ अस्तित्वात आला. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात दोन पोटकलमे जवळजवळ बसली आहेत. एक म्हणते, कोणीही दुसऱ्याच्या घरात हस्तक्षेप करू नये. लगेच दुसरे म्हणते, युद्धगुन्हे, वंशसंहार व मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर हस्तक्षेप करण्याचा संघाला अधिकार आहे. आज संघाची सभासदराष्ट्रे ५५ आहेत. या दोन पोटकलमांमधील ओढाताण हाच अभिरूप सभेचा खरा पाठ्यविषय होय.

आता सभेची रीत सांगतो. प्रत्येक महाविद्यालयाच्या वाट्याला एक देश येतो. विद्यार्थी कित्येक आठवडे त्या देशाचा इतिहास, व्यापार, शेजारसंबंध आणि पूर्वीची मतदाने अभ्यासतात. वॉशिंग्टनमध्ये आल्यावर ते त्या देशाच्या वकिलातीत जाऊन तेथील अधिकाऱ्यांकडून धोरण समजून घेतात. मग समित्या बसतात. शांतता व सुरक्षा, अर्थव्यवहार, समाजकल्याण अशा विषयांवर ठरावांचे मसुदे लिहिले जातात, उपसूचना येतात आणि अखेर सर्व राष्ट्रांच्या सभेपुढे ठराव मांडले जातात. यात एक नियम कठोरपणे पाळावा लागतो. विद्यार्थ्याने स्वतःचे मत बोलायचे नाही. ज्या देशाची पाटी आपल्यापुढे आहे त्या देशाचे मत बोलायचे.

‘वकील’ या शब्दाचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. आज आपण तो न्यायालयात उभे राहणाऱ्या कायदेपंडिताला लावतो. परंतु पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहून आपल्या धन्याचा शब्द पोचविणारा आणि तेथील मनोगत धन्यास कळविणारा मुत्सद्दी. निजामाच्या दरबारी मराठ्यांची वकिली करणारे गोविंदराव काळे हे त्याच परंपरेतले. ‘वकिलात’ हा शब्द आपण आजही त्याच अर्थाने वापरतो. धन्याचे म्हणणे तंतोतंत सांगणे आणि समोरच्याचे म्हणणे तितक्याच तंतोतंत ऐकणे, ही ती विद्या.

ती किती अवघड आहे हे उदाहरणाने स्पष्ट होईल. इथिओपियाने २०११ साली नील नदीच्या निळ्या फाट्यावर प्रचंड धरण बांधण्यास आरंभ केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्‌घाटन केले. इजिप्तचे जीवन जवळजवळ सर्वस्वी नीलवर अवलंबून आहे. इजिप्त व सुदान यांनी १९५९ साली करार करून नीलचे पाणी आपसांत वाटून घेतले; ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून त्या पाण्याचा मोठा भाग येतो, त्याला त्या करारात स्थान नव्हते. २०२० साली आफ्रिकी संघाच्या पुढाकाराने वाटाघाटी झाल्या. सर्वांना बांधून घेणारा करार मात्र झाला नाही. आता कल्पना करा, की महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेच्या काठचा एखादा मराठी विद्यार्थी अशा सभेत बसला आहे. आपण वरच्या अंगाला राहणारे. त्याचे मन सहजच इथिओपियाकडे झुकेल. त्याच्यापुढे मुद्दाम इजिप्तची पाटी ठेवावी. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला वरचे धरण कसे दिसते, हे त्याला प्रथमच समजेल आणि कर्नाटक, तेलंगण किंवा आंध्र यांच्या तक्रारी तो निराळ्या कानांनी ऐकेल.

दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. पश्चिम सहारा हा आपलाच प्रदेश, असे मोरोक्को म्हणतो. तेथील स्वातंत्र्यवाद्यांनी सहरावी प्रजासत्ताकाची घोषणा केलेली आहे. ऐक्य संघटनेने १९८२ साली त्या प्रजासत्ताकाला जागा दिली, तेव्हा रुष्ट झालेला मोरोक्को १९८४ साली संघटना सोडून गेला. तेहेतीस वर्षांनी, २०१७ साली, तो आफ्रिकी संघात परत आला. सहरावी प्रजासत्ताकाची जागा तेथेच आहे आणि मोरोक्कोचीही. ज्याचे अस्तित्वच आपणांस मान्य नाही त्याच्यासह एका सभागृहात बसणे आणि तरीही सभा मोडू न देणे, हे मोरोक्कोची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याला शिकावे लागते. भांडून निघून जाणे सोपे असते. परत येण्यास मात्र त्या राष्ट्राला एका पिढीहून अधिक काळ लागला.

आफ्रिकी संघाच्या कार्यपद्धतीत आणखी दोन गोष्टी आमच्या मनात ठसल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार आहे. आफ्रिकी संघाच्या शांतता व सुरक्षा मंडळात १५ सभासद असतात, १० दोन वर्षांसाठी व ५ तीन वर्षांसाठी निवडलेले. नकाराधिकार कोणालाच नाही. निर्णय शक्यतो सर्वसंमतीने घ्यावयाचा. ती न झाल्यास महत्त्वाच्या बाबतीत दोनतृतीयांश मतांनी. म्हणून अभिरूप सभेत मोठ्या देशाची पाटी मिळालेला विद्यार्थीही लहान देशाकडे जाऊन विनवणी करतो, मसुद्यातील एखादे क्रियापद सौम्य करतो, एखादे कलम पुढील सभेपर्यंत राखून ठेवतो. दुसरी गोष्ट अशी, की ज्या सभासदराष्ट्राचा स्वतःचा तंटा चर्चेस आलेला असेल त्याने चर्चेत व निर्णयात भाग घ्यावयाचा नाही. मात्र त्याला बोलावून त्याची बाजू मांडू द्यावयाची.

बंडाळी करून सत्ता बळकाविणाऱ्या देशाचा संघाच्या कामातील सहभाग स्थगित होतो. नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि ऑगस्टमध्ये तशी कारवाई झाली. परंतु स्थगिती म्हणजे हकालपट्टी नव्हे. सभासदत्व कायम राहते आणि घटनात्मक राज्य परतले की दारही उघडते. इजिप्त २०१३ साली असा बाहेर बसला आणि २०१४ साली परत आत आला. शिक्षा करतानाही परतीची वाट बुजवू नये, हे शहाणपण त्यात आहे.

या अभिरूप सभांना मर्यादा आहेत, हे आम्ही मान्य करतो. तीन-चार दिवसांत विद्यार्थी जे तंटे मिटवितात ते प्रत्यक्षात चाळीस वर्षे मिटत नाहीत. कागदावर शांतिसेना पाठविणे सोपे. तिचा खर्च कोणी द्यावा, हा प्रश्न खऱ्या संघाला आजही ग्रासतो. त्यासाठी सभासदराष्ट्रांनी आपल्या पात्र आयातीवर शेकडा ०.२ आकार बसवावा, असे २०१६ साली किगाली येथे ठरले, तरी बाहेरच्या पैशावरील अवलंबन संपलेले नाही. शिवाय, दूरच्या लोकांची दुःखे ही आपल्या वक्तृत्वाची सामग्री होऊ लागली, तर ती सभा नाटकी होईल. म्हणूनच चांगले मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या भाषणापेक्षा त्याच्या अभ्यासाकडे आणि त्याने सिद्धीस नेलेल्या तडजोडीकडे अधिक लक्ष देतात.

आपला आणि आफ्रिकेचा संबंध काय, असे कोणी विचारील. मॉरिशस हे आफ्रिकी संघाचे सभासदराष्ट्र आहे आणि एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्यांचे मराठी वंशज तेथे नांदत आहेत. औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत १९४८ साली स्वतंत्र भारताचे पहिले कमिशनर म्हणून नैरोबीस गेले. तेथे वसलेल्या भारतीयांनी केवळ आपल्या पेढ्यांचा विचार न करता आफ्रिकी जनतेच्या आकांक्षांशी समरस व्हावे, हा आग्रह त्यांनी धरला. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० राष्ट्रगटात आफ्रिकी संघाला कायमची जागा मिळाली ती नवी दिल्लीतच.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. ज्ञातिसंस्था ही स्वभावतःच आपल्या माणसांची बाजू मांडणारी संस्था असते. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, वधूवरसूचक कार्य हे सारे त्या भावनेतून उभे राहिले आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु केवळ आपलीच बाजू मांडण्याची सवय जडली, की दुसऱ्याची बाजू ऐकण्याचा कान मंद होतो. एके काळी आपल्या समाजात बहिष्कार हे शस्त्र होते. वाळीत टाकलेल्या घराचे म्हणणे पंचांपुढे मांडण्यास कोणी उभा राहत नसे. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, ही गोष्ट सर्वच ज्ञातींनी लक्षात ठेवावयास हवी.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक घटनादुरुस्तीची सूचना आहे, हे आपण जाणताच. ज्या कन्यांनी ज्ञातीबाहेर विवाह केला, त्यांच्या मुलांना मंडळाची शिष्यवृत्ती मिळावी की नाही, हा तो प्रश्न. आमचे मत अनुकूल आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. परंतु सभेत आम्हांला बोलण्याची संधी मिळाल्यास प्रथम विरोधकांची बाजू मांडण्याची आमची तयारी आहे. निधी मर्यादित आहे. देणगीदारांनी तो विशिष्ट हेतूने दिला आहे. गरजू मुले ज्ञातीतही आहेत. या मुद्द्यांची टवाळी करून भागणार नाही. त्याचप्रमाणे विरोधी मताच्या एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्या कन्येची बाजू मांडावी. तिने ज्ञातीचे नाव टाकले नाही, तिच्या वडिलांनी याच निधीला वर्षानुवर्षे वर्गणी दिली आणि तिच्या मुलाचे गुण आपल्या मुलांइतकेच कष्टाचे आहेत. हे बोलल्यावर त्यांनी खुशाल विरुद्ध मत द्यावे. आणि ज्यांच्याविषयी हा निर्णय व्हावयाचा त्या भगिनींना, त्या आज सभासद असोत वा नसोत, बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. स्वतःच्या तंट्यात मत देण्याचा अधिकार नसलेल्या राष्ट्रालाही अदिस अबाबा येथे बोलू देतात. आपल्या लेकींना तेवढा मान देण्यास आपल्याला अडचण वाटू नये.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सभागृहात विद्यार्थ्यांची एक अभिरूप सभा भरवावी. देशांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी आणि ज्या मुलाला जो देश नकोसा वाटेल तो त्याला अवश्य द्यावा. अन्य ज्ञातींच्या मुलांनाही निमंत्रण द्यावे, कारण एकाच घरची माणसे जमवून राष्ट्रांची सभा होत नाही. खर्च नकाशांचा आणि चहाचा. लाभ मात्र मोठा.

विद्यार्थिमित्रहो, आज आपणांस मिळालेली पारितोषिके आपण स्वतःसाठी लिहिलेल्या उत्तरांची आहेत. दुसऱ्याच्या वतीने, त्याला समाधान वाटेल असे उत्तर देता येणे ही पुढची परीक्षा होय. ती आपण उत्तीर्ण व्हाल, असा आम्हांला विश्वास आहे.