मूल बोलते होईपर्यंत : वाचा-उपचाराविषयी पालकांनी जाणून घ्यावे असे काही



मंगळवार पेठेतील एखाद्या जैन घरात मूल अडीच वर्षांचे झाले आणि अजून बोलेना, की पहिला सल्ला आजीचा असतो : "घाई करू नका, याचे वडीलसुद्धा चौथ्या वर्षी बोलायला लागले." दुसरा सल्ला वेखंडाचा. इतरांकडे ते मधातून चाटवतात. जैन घरात मध वर्ज्य, म्हणून तुपातून. तिसरा सल्ला बाहुबलीला जाऊन येण्याचा. या तिन्ही सल्ल्यांमागे माया असते, त्याविषयी कोणाची तक्रार नाही. तीर्थयात्रा जरूर करावी. मात्र या तिन्हींत मिळून जे वर्ष-दीड वर्ष निघून जाते, ते भाषा शिकण्याच्या दृष्टीने मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे वर्ष असते आणि ते पुन्हा मिळत नाही.

जैन तत्त्वज्ञानात जीवाच्या सहा पर्याप्ती सांगितल्या आहेत : आहार, शरीर, इंद्रिय, श्वासोच्छ्वास, भाषा आणि मन. हे विवेचन वैद्यकाचे नव्हे आणि वैद्यकाला पुरावा म्हणून ते वापरणेही योग्य नव्हे. तरीही त्यातील क्रम पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भाषेचे स्थान इंद्रियांच्या नंतरचे आहे. वाचा-उपचारतज्ज्ञही मूल बोलत नाही असे कळताच प्रथम जीभ पाहून थांबत नाही, तो कानाची तपासणी करून घ्यावयास सांगतो. जे कानावर नीट पडत नाही, ते मुखातून नीट उमटत नाही.

येथेच पालकांची मोठी फसगत होते. "दार आपटले की दचकतो, फटाका वाजला की रडतो, मग ऐकू येत नाही कसे?" असा त्यांचा प्रश्न असतो. श्रवणदोष म्हणजे पूर्ण बहिरेपण असेच नव्हे. काही मुलांना दाराचा आवाज, मोटारीचा आवाज ऐकू येतो. परंतु 'स', 'श', 'फ' यांसारखे हलके, उंच पट्टीचे ध्वनी येत नाहीत. काहींच्या कानात वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचते, आणि महिनोन् महिने शब्द पुसट ऐकू येतात. घरात टाळी वाजवून केलेल्या परीक्षेत यांपैकी काहीच कळत नाही. मूल लहान आहे म्हणून तपासणी होणार नाही, हीदेखील चुकीची समजूत होय. नवजात बालकाची श्रवणचाचणी ते झोपेत असताना करता येते व त्यात त्याला कोणताही त्रास होत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा दंडक जगभरचे तज्ज्ञ मानतात. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांहून स्पष्टपणे सरस आढळली. कानातील रोपणासाठी मिळणाऱ्या शासकीय साहाय्यालाही वयाची अट असते.

कान निर्दोष असतील तर पुढे काय पाहावे? साधारण वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांचे मूल सुमारे पन्नास शब्द वापरते आणि "बाबा आले", "दूध दे" असे दोन शब्द जोडू लागते. तिसऱ्या वर्षी परक्या माणसालाही त्याचे बरेचसे बोलणे समजावे. प्रत्येक मुलाची गती निराळी असते हे खरे, महिना-दोन महिन्यांच्या फरकाने कासावीस होण्याचे कारण नाही. पण नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर एक आठवडाही थांबू नये. ही लक्षणे शब्दांच्या उणिवेपेक्षा अधिक काही सुचवितात.

या नगरीत १९३२ साली मराठीतील पहिला बोलपट तयार झाला. आता त्याच नगरीत मुलाला जेवू घालण्यासाठी पडदाच हाती दिला जातो. पडदा अखंड बोलतो, पण मुलाने काही म्हटले तर त्याचे उत्तर देत नाही. भाषा उत्तरातून वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि त्यानंतरही पाच वर्षांपर्यंत तो दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा.

कोल्हापूरच्या जैन समाजात आणखी एक प्रश्न हमखास निघतो, तो घरातील भाषांचा. सीमाभागातून आलेल्या घरी आजी-आजोबांशी कन्नड, आई-वडिलांशी मराठी. काही घरी गुजराती वा मारवाडी. आणि तिसऱ्या वर्षी बालवर्गात इंग्रजी. मूल बोलेना की दोष या गर्दीला दिला जातो आणि "आता घरात फक्त इंग्रजी बोला" असे कोणीतरी सांगते. आईला स्वतःला सहज येत नाही अशा भाषेत ती मुलाशी मोजके, तुटक बोलू लागते. आजी तर गप्पच बसते. म्हणजे ज्या मुलाला अधिक बोलणे ऐकायला हवे, त्याच्या वाट्याला कमी येते. दोन-तीन भाषांच्या सहवासामुळे वाचादोष निर्माण होत नाही, असे संशोधन सांगते. आईने आपल्या भाषेत बोलावे, आजीने आपल्या. मुलाचे शब्द मोजताना मात्र सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत.

प्रत्यक्ष उपचाराविषयी पालकांच्या कल्पना बऱ्याचदा चुकीच्या असतात. जिभेला व्यायाम, एखादे औषध, एखादी शस्त्रक्रिया अशी त्यांची अपेक्षा असते. जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलेल, ही समजूतही त्यातलीच. उशिरा बोलण्याचे ते कारण क्वचितच असते. उपचाराच्या खोलीत दिसतो तो खेळ. तज्ज्ञ चेंडू हातात धरतो, थांबतो, मुलाकडे पाहतो. मूल नजरेने, हाताने वा आवाजाने मागणी करेपर्यंत तो थांबून राहतो. बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांना वाटते, एवढ्यासाठी पैसे मोजायचे? पण त्या थांबण्यातच विद्या आहे. आणि ती आई-वडिलांनी शिकून घरी नेली नाही, तर आठवड्यातील एक-दोन तासांनी फारसे काही साधत नाही. अंघोळ, जेवण, मंदिराला जाताना दिसणारी दुकाने, या सर्वांतून बोलणे घडते. मुलाने "पा" म्हटले तर "नीट म्हण" असे दटावू नये, "पाणी हवे? हे घे पाणी" असे म्हणून शब्द त्याच्या हाती ठेवावा.

तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी आवश्यक केली आहे. विचारण्यात संकोच नसावा. महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षण नवे नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात ते साठच्या दशकापासून दिले जाते आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. कोल्हापुरात प्रारंभीच्या चौकशीसाठी सीपीआर रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग मिरजकर तिकटीपासून फार दूर नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांतून एकदा मुलांची तपासणी करतात. समाजातील पुष्कळ मुले मात्र खासगी बालवर्गात जातात आणि तेथे ही पथके येत नाहीत. सुस्थितीतील घरचे मूल त्यामुळे नजरेआड राहू शकते, हा विरोधाभास लक्षात घ्यावा.

आईला दोष देण्याची रीतही सोडली पाहिजे. "हिने गरोदरपणी अमुक केले", "हिला बोलायला वेळ नाही", असे बोलले जाते. कोणी पूर्वकर्म म्हणून हात जोडून बसतात. कर्मसिद्धांत क्षयोपशमही सांगतो आणि पुरुषार्थही. आंधळ्या स्वीकाराला तेथे आधार सापडत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने वाचा व भाषा दिव्यांगत्वाला स्वतंत्र स्थान दिले आहे. पात्र मुलाचे प्रमाणपत्र काढण्यात कुळाला कमीपणा येतो असे मानणाऱ्यांमुळे मुलाचेच सवलतींचे नुकसान होते.

शेवटी पाठशाळेविषयी. लहान मुले 'अरिहंत'चे 'अलिहंत' करतात, 'ण'चा 'न' करतात. 'र' हा उशिरा येणारा ध्वनी आहे. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत त्याची वाट पाहता येते. अडखळणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो व पुष्कळ मुलांत आपोआप जातो. तो सहा महिन्यांहून अधिक टिकला, किंवा मूल बोलताना डोळे मिटू लागले, मान झटकू लागले, तर तज्ज्ञाकडे न्यावे. असे मूल सर्वांबरोबर सुरात स्तवन म्हणताना मुळीच अडखळत नाही. समूहाने म्हणताना आणि गाताना तोतरेपणा नाहीसा होतो, हे शास्त्राला चांगले ठाऊक आहे. परंतु पर्युषणातील पाठांतर स्पर्धेत तेच मूल एकटे उभे राहते, पहिल्याच अक्षरावर अडते, आणि सभेतून कोणीतरी म्हणते, "काल तर छान म्हणत होता, आज मुद्दाम करतोय." ते मुद्दाम करीत नसते. अशा मुलाला गुरुजींनी स्पर्धेतून वगळू नये, पण नंबरासाठी घाई करून एकट्याला उभेही करू नये. त्याच्या शेजारी आणखी एका मुलाला उभे करून दोघांनी मिळून म्हणू द्यावे, वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे, आणि मधला शब्द आपण पुरवू नये.