छपराखालचा फेस आणि कोरडा बर्फ



मालवणच्या किनाऱ्यावर घर राखायचे म्हणजे दोन धन्यांची चाकरी. एक धनी ऊन, दुसरा पाऊस. आणि खारा वारा दोघांचाही मुकादम! तेव्हा आपल्याकडे कुणी घर बांधायला काढले की पहिली चर्चा छपराची होते, भिंतींची मागाहून. आज मी त्याच छपराविषयी चार गोष्टी सांगणार आहे. गोष्ट नवी आहे, पण तिची झळ आता आपल्या वाडीवस्तीपर्यंत पोचू लागली आहे.

आपले जुने छप्पर तुम्हाला ठाऊकच आहे. मध्ये आढे, दोहो बाजूंना वासे, त्यांवर रिपा आणि वर कौले. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 साली काढला आणि ती तांबडी कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. या छपराचा एक गुण आपण विसरतो. ते श्वास घेते. कौलांच्या फटींतून माळ्यावरची गरम हवा निघून जाते, आणि पावसाचे चुकार थेंब आत आले तरी वारा त्यांना वाळवून टाकतो. म्हणून तर फणसाचा वासा तीन पिढ्या टिकतो.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, ते आठवते ना? आमच्या नात्यातल्या एका घराची कौले त्या रात्री खळ्यात येऊन पडली. पुन्हा कौले नकोत म्हणून घरच्यांनी पत्रे घातले. पत्र्याखाली एप्रिलात बसून बघा म्हणजे कळेल! मग एका कंत्राटदाराने उपाय सुचवला, फोमचा. नळीतून दोन रसायने एकत्र फवारायची, ती पत्र्याला लागताच दुधासारखी उतू येतात आणि बघता बघता घट्ट होऊन बसतात. याला पॉलियुरेथेन म्हणतात. 1937 साली जर्मनीत ऑटो बायर यांनी हा पदार्थ शोधून काढला. बर्फाच्या पेटीच्या भिंतीत भरतात तोच हा. आमच्या आतेने वर पाहून विचारले, "अरे, ह्यो कापूस कित्याक चिकटवलास?" सगळे हसले.

न्यायाने सांगायचे तर पहिला उन्हाळा उत्तम गेला. घर खरोखरच थंड राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र माजघरात कुबट वास येऊ लागला. मी माळ्यावर चढलो, फोमचा एक तुकडा सुरीने कापून काढला आणि वाशाला पेचकस टोचला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. पत्राही स्क्रूभोवती गंजून तांबडा झालेला.

असे का झाले? एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपले की पूर्वी ते खाली टपकत असे, आपण भांडे ठेवत होतो आणि गळती कळत होती. आता पाणी पत्रा आणि फोम यांच्यामध्ये अडकले. लाकडाला वारा नाही, आणि लाकूड डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय आपली हवा दमट. चार महिने ओलावा हटत नाही. फोम वाईटच असतो असे नाही. घट्ट जातीचा फोम, कोरडा पत्रा, वाऱ्याला वाट आणि जाणता कारागीर असेल तर तो काम देतो. पण लाकडाच्या जुन्या छपराला तो सरसकट फासणे म्हणजे दम्याच्या माणसाच्या तोंडावर घोंगडी टाकण्यासारखे आहे.

हे दुखणे आपलेच नाही. ब्रिटनमध्ये घर उबदार राहावे म्हणून हजारो घरांच्या छपरांना आतून हाच फोम फवारला गेला. आता घर विकायला काढले की तपासनीस म्हणतो, लाकूड दिसत नाही, सांगू काय? आणि कर्ज देणाऱ्या कित्येक संस्था अशा घरावर कर्जच नाकारतात. तेव्हा तिकडे फोम काढण्याचा एक वेगळाच धंदा उभा राहिला आहे, आणि त्यात कोरड्या बर्फाचा उपयोग करतात.

कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू. आपला मासळीवरचा बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि टोपलीखाली पाणी करतो. हा उणे 78 अंशांचा, आणि वितळत नाही. एकदम वायू होऊन उडून जातो. गुरुजींनी मुलांना कापराची डबी दाखवावी. कापूर कमी होत जातो, पण डबीत थेंबही सापडत नाही. तसेच हे.

कामाची रीत अशी. आधी फोमचा जाड थर सुरीने आणि पटाशीने हातानेच कापून काढतात. लाकडाला घट्ट चिकटलेला पातळ पापुद्रा तेवढा उरतो. मग तांदळाच्या दाण्याएवढे कोरड्या बर्फाचे कण दाबलेल्या हवेच्या जोराने त्यावर मारतात. थंडीने पापुद्रा आक्रसून ठिसूळ होतो, माराने सुटतो, आणि कणांचा वायू होऊन ते फुगताना त्याला ढकलून पाडतात. वाळूचा मारा लाकूड खातो, पाण्याचा मारा लाकूड भिजवतो. इथे खाली पडतो तो फोमचाच चुरा. अर्थात मऊ पडलेल्या वाशाला हाही मारा सोसत नाही. तो वासा बदलायचाच.

पण आपल्या किनाऱ्यावर यात एक मेख आहे. गार तांब्याला बाहेरून दव येते, तसे या थंडीने गार झालेल्या लाकडाला दमट हवेत पाणी सुटते. म्हणजे काम करायचे तर पौष-माघात, कोरड्या हवेत. जूनच्या तोंडावर नव्हे. शिवाय हा बर्फ साठवून राहत नाही. मुंबईहून पाचशे किलोमीटर आणायचा तर वाटेतच त्यातला काही उडून जातो. त्याबरोबर मोठा कॉम्प्रेसर लागतो, तो वेगळाच.

आणि धोका? एक किलो बर्फातून पाचशे लिटरांहून जास्त वायू निघतो. तो हवेपेक्षा जड. बंद माळ्यावर तो साचला, खालच्या खोलीत उतरला, तर माणूस गुदमरतो. नाकावरचे धुळीचे फडके इथे काही कामाचे नाही. खिडक्या उघड्या हव्यात, पंखा लावून हवा बाहेर काढायला हवी, आणि खाली कोणी झोपलेले नसावे. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपले वडीलधारे कंदील सोडून बघत, ती भीती याच जातीची. शाळेत दाखवायचे असेल तर पेल्यात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबाचा रस किंवा कोकमाचे आगळ ओता. फेस बसला की पेला मेणबत्तीवर अलगद कलता करा. वायू दिसत नाही, पण ज्योत विझते. खरा कोरडा बर्फ मात्र मुलांच्या हाती देऊ नका. तो कातडी जाळतो, आणि बूच लावलेल्या बाटलीत टाकला तर बाटली फुटते. 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात तो मुखवास म्हणून पुढे आला आणि पाच माणसे रक्ताच्या उलट्या करीत दवाखान्यात गेली.

निघालेल्या फोमचे काय करायचे? खळ्यात पेटवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. व्हाळात टाकाल तर तो तरंगत समुद्राला जाईल. गोणीत भरून, तोंड शिवून, ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या कचरागाडीवाल्याला हे काय आहे ते सांगून द्या.

आमच्या त्या घराचे म्हणाल तर कोरडा बर्फ आम्ही आणला नाही. हिशेब केला, आणि पत्रे तर गंजलेच होते; ते फोमसकट उतरवले. सात वासे बदलले. उरलेल्या वाशांवरचा पापुद्रा दोन गड्यांनी पटाशीने आणि तारेच्या ब्रशाने नऊ दिवस खरवडला. वर पुन्हा कौले चढवली, या खेपेला कडेच्या रांगा तारेने बांधून. उन्हाळ्यासाठी माळ्याच्या दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या ठेवल्या आहेत. आते आता ओटीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या खिडक्या दाखवते.