रविवारपुरती नसलेली प्रार्थना

कळमेश्वर-नागपूर भागात स्टीफन हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळे ओळखीचे आहे. हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आला. पण मराठी ख्रिस्ती घरात प्रार्थना खोलवर रुजवली ती कवी नारायण वामन टिळकांनी. काही काळ नागपुरात राहिलेले टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी अभंग, भजन, कीर्तन या आपल्याच वाटांनी उपासना मांडली. ही बाब नुसत्या चालीची नव्हे. पाठ झालेले भजन दळताना, शेतावर जातानाही म्हणता येते. मग उपासनेला रविवारची आणि चर्चच्या बाकाची अट उरत नाही.

कोणी म्हणेल, प्रार्थना म्हणजे अखेर देवाकडे मागणेच ना? मत्तयाच्या शुभवर्तमानातील 6वा अध्याय पाहा. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मागणे आहे, पण आजच्यापुरत्या भाकरीचे, साठवणुकीचे नाही. शिवाय क्षमा हवी, तर आपल्या अपराध्यालाही क्षमा करायची. माझ्या मते रोजच्या प्रार्थनेचे मर्म या अवघड अटीत आहे: बांधावरून शेजाऱ्याशी अबोला धरलेल्याला ती सहज म्हणता येऊ नये. दुसरा आक्षेप पाठांतराचा. रोजचे शब्द यांत्रिक होतात हे खरेच. त्याच अध्यायात येशूही पोकळ बडबडीविरुद्ध बजावतो. मात्र दुःखात स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा पाठ असलेलेच कामी येतात. टिळक 1919 साली गेले. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.