देवीला नारळ, लेकराला दवाखाना

आम्ही तलवाड्याच्या बचत गटाच्या बाया. आज बोलायचंय कांजिण्यांवर.

ऊसतोडीला निघायच्या तोंडावर आमच्या गटातल्या एका ताईच्या पोराला पुरळ उठलं. “बाया आल्यात, दवाखाना नको, अंघोळ नको,” असं आम्हीच तिला सांगितलं. पोरानं खाजवून फोड फोडले, त्यात पू झाला, ताप उतरेना. शेवटी दवाखान्यात न्यावंच लागलं. पोरगं बरं झालं, पण दोन आठवड्यांनी कोपीवर धाकटीला उठल्या, मग शेजारच्या लेकरांनाही. चूक आमची होती, म्हणून हे बोलणं.

आपल्या आज्या ज्या देवीला भ्यायच्या, तो रोग वेगळा. लसीमुळं १९७७ साली भारत आणि १९८० साली सगळं जग देवीमुक्त झालं. कांजिण्यांचा विषाणू निराळा. तो खोकल्या-शिंकेतून आणि फोडातल्या पाण्यातून पसरतो. लागण झाल्यावर १० ते २१ दिवसांनी पुरळ दिसतं. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तो दुसऱ्याला लागतो. तोवर लेकरू अंगणवाडीत, शाळेत पाठवू नका. घरात कुणाला नागीण झाली असेल तर तिच्या फोडांपासूनही लेकरांना जपा. विषाणू तोच आहे.

लेकराला कोमट पाण्यानं अंघोळ घाला, अंग हळूच टिपा. नखं कापा, सुती सैल कपडे घाला. पेज, वरण-भात, पाणी भरपूर द्या. उपाशी ठेवू नका. लिंबाचा पाला दाराला बांधा, पण वाटून फोडांवर चोळू नका. तापाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. अॅस्पिरीन तर मुळीच नको, त्यानं लेकराच्या मेंदूला आणि लिव्हरला धोका होऊ शकतो.

धाप लागली, लेकरू सुस्त पडलं, सारखं ओकलं, मान आखडली, फोड लाल होऊन पू आला किंवा ताप चार दिवसांवर गेला, तर थांबू नका. गरोदर बाई, तान्हं बाळ आणि मोठ्या माणसांना या जड जातात. गरोदर बाई आजारी लेकराजवळ आली असेल, तर पुरळ यायची वाट न बघता तिला डॉक्टरांकडं न्या.

कांजिण्यांची लस आहे, दोन डोसांची. पण अंगणवाडीत मिळणाऱ्या मोफत लसींत ती नाही. गोवर-रुबेलाची लस कांजिण्या थांबवत नाही, तरी तीही चुकवू नका. आशाताईंना विचारा.

आमच्या गटानं आता ठरवलंय : लेकराला कांजिण्या असतील, तर खपल्या धरेपर्यंत त्या घरानं टोळीसोबत निघायचं नाही. मुकादमाशी बोलायला आम्ही सगळ्या जातो. त्वरितादेवीला नारळ जरूर वाढवा, पण आधी लेकराला दवाखान्यात न्या.