गोवा, उपनगरं आणि एक नकाराधिकार

१९६२च्या फेब्रुवारीत मुंबईच्या उपनगरांत लोकसभेची एक लढत गाजली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी. मेनन मोठ्या फरकाने निवडून आले. दोनच महिन्यांपूर्वी, १९ डिसेंबर १९६१ला, भारतीय फौजांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा मुक्त केला होता. मुहूर्त निवडणुकीचा साधला, असं टीकाकार तेव्हा उघड म्हणत.

गोव्यात कारवाई चालू असतानाच, तिकडे न्यूयॉर्कमध्ये १८ डिसेंबरला सुरक्षा परिषद बसली. दुसऱ्या देशावर बळाचा वापर करू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) सांगतं. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडले स्टीव्हन्सन यांनी त्याच कलमावर बोट ठेवलं. भारताच्या सी. एस. झा यांचा युक्तिवाद बिनतोड होता: गोवा भारताचाच भाग, स्वतःच्याच भूमीवर आक्रमण कसलं? युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मतं मिळाली, विरोधात चार. त्यातलं एक सोव्हिएत संघाचं, म्हणजेच नकाराधिकार. ठराव बारगळला.

गोव्याची बाजू न्यायाची होतीच. १९५५मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या, आणि वाटाघाटींना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार तयार नव्हता.

पण आपलं कारण न्याय्यच, असं कोण म्हणत नाही? १९९९मध्ये नाटोने परिषदेच्या परवानगीविना युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकले. २००३मध्ये अमेरिका आणि ब्रिटन इराकमध्ये घुसले. २५ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव रशियाने नकाराधिकाराने रोखला. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला.