मशीन कधी थांबवायचं?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शिक्षण सातवी, बाकीचं वाचून मिळवलेलं. आजचा विषय कार्यक्रमाला शोभत नाही असं कुणी म्हणेल. पण दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर आपण सगळेच बसलोय.

२०१६ साली माझे थोरले बंधू मेंदूत रक्तस्राव होऊन अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता आशा नाही, काय ते तुम्ही ठरवा. ठरवणार कोण? वहिनी माझ्याकडं बघायच्या, मी पुतण्याकडं. जो "काढा" म्हणेल तो जन्मभर मारेकरी ठरणार! वहिनींचे दागिने गेले, पतपेढीचं कर्ज झालं, दादा गेले ते गेलेच. मी तोंड उघडलं नाही, हे आज कबूल करतो.

व्हेंटिलेटर वाईट नव्हे. मण्यार चावलेला माणूस त्याच्यावर काही दिवस काढून चालत घरी येऊ शकतो. पण मशीन श्वास देतं, आजार बरा करत नाही.

परळच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग जुन्या मंडळींना आठवत असतील. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. मशीनवर नव्हे, तिथल्या परिचारिका त्यांना भरवत. त्या परिचारिकांचा विरोध होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांचं अन्न थांबवण्याची मागणी फेटाळली. मात्र त्याच निकालाने इतरांसाठी कडक अटींवर वाट उघडली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने सन्मानाने मरणे हा कलम २१ मधील हक्काचाच भाग मानला. इंजेक्शन देऊन मारणे आजही गुन्हाच आहे, त्यात गल्लत नको.

आपण शुद्धीत असताना लिहून ठेवायचं की, आशा नसेल तर मला मशीनवर ठेवू नका. दोन साक्षीदार लागतात. आधी मॅजिस्ट्रेट लागायचा, २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव त्यात घालायचं. तरी लगेच कुणी नळी काढत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात.

एका तरुणानं मला विचारलं, "काका, गरिबाचं मशीन पैशापायी काढतील त्याचं काय?" पोराचा प्रश्न खरा आहे. म्हणून डॉक्टरांना तोंडावर विचारा, आशा संपली की आमचे पैसे संपले? पैसे संपले असतील तर सरकारी रुग्णालयात जागा शोधा, सही करू नका.

मी माझा कागद केलाय. मंडळींनी दोन दिवस अबोला धरला. मुलगी मात्र म्हणाली, "पप्पा, माझं नाव घाला, मी बोलेन." तिचंच घातलंय.

जयभीम.