पावलांचे कागद

(रात्रवर्गातील मंडळींपुढे एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर रानात राबून तुम्ही इथे येता आणि पुस्तक घेऊन बसता. अशा माणसांपुढे लांबण लावणे बरे नव्हे. म्हणून उपदेश करीत नाही. आमच्या घरच्या एका सहलीची हकिगत सांगतो.

२०१८ सालचा दसरा होता. सगळे घरी जमलो होतो. माझा मुलगा नाशिकला कारखान्यात नोकरी करतो. त्याला नाताळात चार दिवस सुट्टी असते. नात तेव्हा पाचवीत होती, नातू पहिलीत. दरवर्षी त्या सुट्टीत कुठे तरी जायचे, हॉटेलात उतरायचे, फोटो काढायचे आणि परत यायचे. त्या दिवशी सूनबाई म्हणाली, "नाना, या खेपेला तेच पैसे एखाद्या शाळेतल्या मुलांसाठी खर्च करू. आपण सगळे मिळून जाऊ आणि देऊन येऊ."

सगळ्यांना कल्पना आवडली. मी मात्र गप्प बसलो. सून म्हणाली, "नाना, काही चुकलं का?"

चुकले नव्हते. पण मला १९७२ साल आठवले. तो दुष्काळ तुमच्यापैकी जुन्या माणसांनी पाहिला असेल. विहिरी आटल्या. घरोघरची माणसे खडी फोडायला गेली. आम्ही सुकडी खाल्ली, मिलोची भाकरी खाल्ली. मी तेव्हा शाळेत होतो. एक दिवस एक मोठे गृहस्थ शाळेत आले. टेबल मांडले, हार घातले, भाषणे झाली. मग "गरीब विद्यार्थी" म्हणून एकेकाचे नाव मोठ्याने पुकारले. माझेही पुकारले. मी पुढे गेलो आणि सदरा घेतला. सदरा गुडघ्यापर्यंत आला. सगळी शाळा हसली. मी तो एकदाच अंगात घातला. पोरे म्हणाली, "आला बघा दानाचा सदरा." आईने काही न बोलता तो उसवला आणि धाकट्या भावाला दोन झबली शिवली.

देणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते, हे आता कळते. पण त्याने माझे नाव विचारले, अंगाचे माप विचारले नाही. तेवढे मी घरात सांगितले. सून म्हणाली, "मग आपण आधी माप विचारू."

माझा एक जुना विद्यार्थी पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यात शिक्षक आहे. डोंगरातला पाडा, चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक आणि पटावर ४१ मुले. त्याला फोन केला. म्हटले, "बाबा रे, वह्या आणू की खाऊ आणू?"

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. पुस्तकं सरकार देतं, दुपारचं जेवण शाळेत शिजतं. वह्या मागच्या वर्षी तीन पार्ट्या देऊन गेल्या, त्या अजून कपाटात आहेत. माझी मुलं काट्याकुट्यातून अनवाणी येतात. देणार असाल तर पायात काही तरी द्या."

आता चप्पल म्हणजे सदऱ्याहून कठीण. सदरा सैल चालतो. चप्पल सैल झाली की पाय घासतो, घट्ट झाली की फोड येतो. त्यावर त्यानेच युक्ती काढली. प्रत्येक मुलाला जुन्या वर्तमानपत्रावर उभे केले, पेन्सिलीने दोन्ही पावलांची कड काढली, खाली नाव आणि इयत्ता लिहिली. हे काम त्याने दुपारी केले. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, म्हणून सकाळचे माप संध्याकाळी आवळते. तुम्ही पोरांना चप्पल घ्याल तेव्हा हे ध्यानात ठेवा. आणि वाढत्या पायाला पुढे बोटभर जागा सोडा.

दिवाळीच्या सुट्टीआधी पोस्टाने जाडजूड पाकीट आले. ४१ कागद. आमच्या नातीने ते ओसरीवर पसरले. लहान, मोठी, रुंद, निमुळती अशी पावले. एका चौथीतल्या मुलीने आपल्या पावलाशेजारी पेन्सिलीने वारली चित्रातली माणसे काढली होती, हातात हात घालून नाचणारी. नातीने तो कागद दहा वेळा पाहिला असेल. कागद घेऊन आम्ही नाशिकच्या बाजारात गेलो. दुकानदार पहिल्यांदा वैतागला. मग त्यालाच चेव आला. एकेक कागदावर चप्पल ठेवून पाही आणि म्हणे, "ही नाही, एक नंबर वरची आण रे." एकूण ७,३८० रुपये झाले. हॉटेलात दोन दिवसांत एवढे सहज गेले असते.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. नाशिकपासून त्र्यंबकेश्वर २८ किलोमीटर. पुढे घाट उतरला की मोखाडा. पावसाळ्यात या भागात धो धो पाऊस पडतो, पण पाणी डोंगरावरून वाहून जाते. उन्हाळ्यात बायकांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. वाटेत कुडाच्या भिंतींची घरे दिसत होती. भाताची कापणी कधीच झाली होती, खाचरे रिकामी पडली होती.

शाळेत टेबल नव्हते आणि हारही नव्हते. तसे मी आधीच सांगून ठेवले होते. शिक्षकाने ओसरीवर कागद ओळीने मांडले आणि ज्याच्या त्याच्या कागदावर ज्याची त्याची चप्पल ठेवली. मुलांना म्हणाला, "आपापलं नाव शोधा." तिसरी-चौथीची पोरे वाचत वाचत गेली आणि नावापाशी थांबली. पहिलीतल्यांना सगळ्यांनाच नाव वाचता येईना. ती पेन्सिलीच्या रेघेवर पाय ठेवून बघू लागली, जमला तर आपला. आमचा नातू त्यांच्यात मिसळून गेला. तोही पाय ठेवून पाहत होता. कोणी दिले, कोणी घेतले, हे विचारायचे कारणच राहिले नाही. मुलाने खिशातून मोबाइल काढला होता, तो त्याने परत ठेवला.

पण मंडळी, ओसरीवर ९ कागद तसेच राहिले. त्यांवरच्या चपला कोणी उचलल्या नाहीत.

मी विचारले, "आज गैरहजर का?"

शिक्षक म्हणाला, "गुरुजी, ती भट्टीवर गेली."

ही गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळांना सांगायला नको. भात-नागलीचे पीक घरात आले की ते काही महिनेच पुरते. मग वीटभट्टीचा माणूस येतो. पावसाळ्यात, अडीअडचणीच्या वेळी, त्याच्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला दिवाळी झाली की अख्खे घर भिवंडी, वाडा, वसईकडे भट्टीवर जाते. हजार विटांमागे मजुरी ठरते. आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते आणि हिशेब पाऊस पडायच्या सुमारास होतो. मोठी माणसे चिखल तुडवतात, विटा पाडतात. मुले विटा उलटतात, लहान भावंडे सांभाळतात. शाळेच्या पटावर नाव राहते आणि मूल जाते.

मुलगा म्हणाला, "राहू द्या इथेच. जूनमध्ये आली की गुरुजी देतील."

त्यावर आमची नात पटकन बोलली, "बाबा, जूनपर्यंत पाय वाढतील ना!"

कोणाला उत्तर सुचेना. नऊ जणांपैकी पाच जण कोणत्या भट्टीवर आहेत ते शिक्षकाला ठाऊक होते. भिवंडी-वाडा रस्त्याच्या बाजूला. बाकी चौघांचा पत्ता त्यालाही नव्हता. आम्ही जव्हारला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी तिकडे गाडी वळवली. नाशिकला परत जायला तो मोठा वळसा होता. मुलगा थोडा कुरकुरला, पण गाडी त्यानेच चालवली.

जाताना मुलांना मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची गोष्ट सांगितली. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येईना तेव्हा त्यांनी शाळाच त्याच्या अंगणात नेली. तिला अंगणवाडी म्हटले. मूल गुरे राखायला गेले तर शाळा कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. आज गावोगाव अंगणवाडी आहे, पण हे नाव कुठून आले हे फार थोड्यांना माहीत असते. भट्टीवरच्या झोपडीला तिकडे भोंगा म्हणतात. पुढे विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळाही चालवल्या. आम्ही गेलो त्या भट्टीवर मात्र तशी शाळा नव्हती.

कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून केलेले दहाबारा भोंगे होते. चौथीतली ती मुलगी, चित्र काढणारी, कडेवर बाळ घेऊन उभी होती. दुसरीतला भाऊ विटांच्या ओळीत होता. आम्हाला पाहून तिची आई पुढे आली. आम्ही सांगितले तरी तिला खरे वाटेना. चपला हातात घेऊन तिने विचारले, "किती पैसे?" पैसे नाहीत म्हटल्यावर तर ती आणखीच घाबरली. तिला वाटले, याचेही नाव उचलीच्या वहीत चढणार.

मग नातीने तो पावलाचा कागद तिच्या मुलीपुढे धरला. मुलीने बाळ खाली ठेवले, कागद घेतला आणि आपले नाव मोठ्याने वाचले. इयत्ता वाचली. खाली छापलेली वर्तमानपत्रातली ओळही वाचली, अडखळत अडखळत. आई ऐकत राहिली. तिने मला विचारले, "हिला सगळं वाचता येतं?"

मग ती भोंग्यात गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन पत्रके घेऊन आली. म्हणाली, "मास्तरांनी दिली होती. कशाची आहेत?"

मंडळी, ते शिक्षण हमी पत्रक होते. कामासाठी घर सोडणाऱ्या माणसाच्या मुलाला गावची शाळा ते देते. ते घेऊन कामाच्या जागेजवळच्या शाळेत गेले की मुलाला तिथे बसवून घेतात. आणि समजा पत्रक हरवले, तरी भिऊ नये. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्माचा दाखला नाही किंवा शाळेचा दाखला नाही, एवढ्यावरून सरकारी शाळा परत पाठवू शकत नाही. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. दीड महिना ही पत्रके त्या बाईच्या गाठोड्यात जपून ठेवलेली होती. नुसती वाचता आली नाहीत.

मुलांच्या बापाला घेऊन मी जवळच्या शाळेत गेलो. अंतर दोन किलोमीटर. तिथल्या मुख्याध्यापकांनी दोन्ही नावे लगेच लिहून घेतली. माणूस भला होता. मुलगा दुसऱ्या दिवसापासून जाणार असे ठरले. मुलीचे मात्र ठरेना. आई म्हणाली, "ही गेली तर बाळ कोण बघेल? मी चिखलात असते." माझ्याजवळ उत्तर नव्हते. पस्तीस वर्षे मी वर्गात उत्तरे सांगितली. त्या दिवशी मान खाली घालून आलो.

त्या भट्टीवर चार जण भेटले, चौघांनाही चपला बरोबर बसल्या. पाचवे कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेले होते. उरलेले पाच जोड आम्ही शिक्षकाकडे पाठवून दिले. शिमग्याला पाड्यावरची माणसे तीनचार दिवस घरी येतात, तेव्हा तिघांना मिळाले. एकाला घट्ट झाली, त्याने ती तशीच घातली म्हणे. राहिलेले दोन जोड जूनमध्ये पहिलीत आलेल्या पोरांना गेले.

२०१९ साली आम्ही शहाणे झालो. नाताळची वाट पाहिली नाही. दिवाळीआधीच, मुले पाड्यावर असतानाच, रजा काढून गेलो. एकही कागद ओसरीवर उरला नाही. पुढे करोनात शाळा बंद झाल्या. २०२३ साली सरकारनेच मुलांना बूट-मोजे द्यायचे ठरवले, तेव्हापासून चपलांचे काम आमच्याकडून सुटले. आता आम्ही आधी फोन करून, काय कमी आहे ते विचारतो. एकदा दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या नेल्या, एकदा वाचनाची गोष्टींची पुस्तके.

२०१९ च्या त्या फेरीत मी शिक्षकाला त्या मुलीबद्दल विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, ती पाचवीला आश्रमशाळेत गेली. राहण्या-जेवण्याची सोय तिथंच आहे. बाप स्वतः पोचवून आला."

मला फार बरे वाटले. मग लक्षात आले आणि मी विचारले, "मग या वर्षी भट्टीवर बाळ कोण सांभाळणार? तिचा भाऊ?"

तो म्हणाला, "तेच विचारायला मी उद्या त्यांच्या घरी चाललोय."